देशांतराचें गणित

नागपूर ते मुंबई हें अंतर किती, या प्रश्नास एकच एक उत्तर नाहीं असें म्हटलें, तर भूगोलाच्या तासास बसलेला मुलगाहि हंसेल. पण वस्तुस्थिति तशी आहे. आगगाडीच्या हिशेबानें तें ८३७ किलोमीटर भरतें. नागपुराहून निघून भिवंडीजवळ संपणारा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं शेवटपर्यंत खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. आणि सोनेगांवच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती सुमारें ६८३ किलोमीटरांची होते. वेळ विचाराल तर आगगाडीची एक रात्र, मोटारीचे आठ-नऊ तास, आणि विमानाचा दीड तास. हीं झालीं छापील उत्तरें. आमच्या वहिनींस विचाराल, तर त्या ‘दिवाळी ते दिवाळी’ असें सांगतात. आणि त्यांचें उत्तर इतरांहून कमी शास्त्रीय आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम त्या सरळ रेषेविषयीं. शाळेंत आमचा विषय संस्कृत. पण भूगोलाचे गुरुजी रजेवर गेले कीं तो तासहि आमच्याकडे येई. तेव्हां आम्ही मुलांच्या हातीं पृथ्वीचा गोल देऊन दोन गांवांमध्यें दोरा ताणून धरावयास सांगत असूं. ताणलेला दोरा जेथून जाईल, तो सर्वांत जवळचा मार्ग. नागपूर-मुंबई एवढ्या अंतरांत नकाशावरची रेषा आणि गोलावरचा दोरा यांत डोळ्यांस दिसण्याजोगा फरक पडत नाहीं. पण मुंबईहून न्यूयॉर्कास दोरा ताणला, म्हणजे तो पश्चिमेचा रस्ता सोडून उत्तरेस चढतो आणि रशिया व स्कँडिनेव्हिया यांच्या माथ्यावरून अटलांटिक महासागरावर उतरतो. मुलांना हें खोटें वाटे, व तीं दोरा पुनः पुनः ताणून पाहत. विमान या दोऱ्यानें जाऊं पाहतें. आगगाडीस हें स्वातंत्र्य नाहीं. ती वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक असे मुक्काम घेत, थळघाटानें सह्याद्रि उतरून कल्याणास येते. १८६७ सालीं ती प्रथम नागपुरास पोंचली, तेव्हां तिची वाट ठरविण्यांत वऱ्हाडच्या कापसाचा हात मोठा होता, हें आमच्या गांधीबागेंतील कापडबाजारास सांगणें नलगे.

मुंबई आम्हां नागपूरकरांस जवळची झाली, ती तशी अलीकडे. येथील विधानभवनाजवळ झीरो माइलचा दगडी खांब आहे. त्यावर चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गांवांचीं अंतरें मैलांत कोरलेलीं आहेत. मुंबईचें नांव त्यांत नाहीं. जुन्या मध्यप्रांताचें तोंडच मुळीं मुंबईकडे नव्हतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि राजधानी असलेलें नागपूर उपराजधानी झालें. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचें एक अधिवेशन हिवाळ्यांत येथें भरतें. त्या दिवसांत मुंबईचीं विमानें भरून येतात व भरून जातात. पण सरकार असें विमानानें ये-जा करूं लागण्यापूर्वींच आमच्या घरचा एक मनुष्य आगगाडीनें मुंबईस गेला होता. आमचे धाकटे काका येथील सचिवालयांत कारकून होते. राज्य पालटलें, तसें त्यांचें टेबलहि मुंबईस गेलें, आणि टेबलामागोमाग काका गेले. पुढें डोंबिवलीस दोन खोल्या घेऊन ते तेथलेच झाले.

काका निघाले, त्या दिवशीं आमच्या आजोबांनीं ‘धाकटा देशांतरास गेला’ असें म्हटल्याचें आम्हीं वडिलांच्या तोंडून ऐकलें आहे. आजोबा शास्त्री होते. त्यांच्या तोंडीं हा शब्द अलंकार म्हणून येत नसे.

देशांतर हा शब्द आमच्या शास्त्रांत दोन ठिकाणीं येतो. ज्योतिषांत देशांतर म्हणजे उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासून एखादें स्थळ पूर्वेस वा पश्चिमेस किती आहे, याचें मान. हल्लीं ज्यांस रेखांश म्हणतात, तीच ही कल्पना. नागपूर व मुंबई यांच्या रेखांशांत सुमारें सव्वासहा अंशांचा फरक आहे. म्हणजे आमच्याकडे माध्याह्न झाल्यावर पंचवीस मिनिटांनीं तो मुंबईस होतो. १९०६ सालापासून साऱ्या देशास एक वेळ लागू झाली (मुंबई शहरानें आपली निराळी वेळ त्यानंतरहि कित्येक वर्षें सोडली नाहीं), तेव्हांपासून हा फरक घड्याळांत दिसत नाहीं. संध्येस बसणारास मात्र तो दिसतो. मावळतीस नागपुराहून उडालेलें विमान सूर्याच्या पाठीस लागतें खरें, पण दीड तासांत तें पंचवीस मिनिटें काय तीं वांचवितें, आणि सूर्य त्यास सहज मागें टाकून निघून जातो.

धर्मशास्त्रांतलें देशांतर निराळें. तेथें प्रश्न सूर्याचा नसून सुतकाचा आहे. दूर राहणाऱ्या सपिंडाचें निधन झाल्याचें कळलें, तर ऐकणारास सुतक किती, हें ठरविण्यापूर्वीं ‘दूर’ म्हणजे किती, हें ठरलें पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेंत व नंतरच्या निबंधग्रंथांत या स्थळीं निरनिराळीं मतें एकत्र केलेलीं आढळतात. मध्यें महानदी किंवा पर्वत आला, भाषा पालटली, म्हणजे देशांतर, असें एक मत. साठ योजनें म्हणजे देशांतर, असें दुसरें; त्यांतहि कोणी चाळीसच म्हणतो, कोणी तीस. आणि आणखी एक मत आम्हांस फार मार्मिक वाटतें: जेथली वार्ता दहा रात्रींत कानीं येत नाहीं, तें देशांतर. म्हणजे अंतर कोसांनीं न मोजतां वेळानें मोजावयाचें. विमानाच्या वेळापत्रकाचें बीज तें हेंच.

आम्हीं एकदां हें गणित करून पाहिलें. भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें धरला आहे. हल्लींच्या मोजणीनें विषुववृत्तावर तो ४०,०७५ किलोमीटर आहे. तेव्हां एक योजन आठ किलोमीटरांहून किंचित अधिक झालें. या मानानें साठ योजनें म्हणजे ४८४ किलोमीटर, आणि विमानाच्या सरळ रेषेनेंहि मुंबई आमच्यापासून पंच्याऐंशी योजनांच्या आसपास आहे. मध्यें गोदावरी आहे, सह्याद्रि आहे. भाषा तेवढी एक. मुंबईकर आमच्या बोलण्यास हंसतात, तो भाग निराळा. म्हणजे योजनांच्या मतानें मुंबई देशांतर ठरते. वार्तेच्या मतानें ती ठरत नाहीं. पण या साऱ्या चर्चेंत स्मृतिकारांनीं एक गोष्ट बजावून ठेविली आहे. अंतराची सवलत पुत्रास नाहीं. आईबाप गेल्याचें पुत्रास कितीहि दूर व कितीहि उशिरां कळो, कळल्या दिवसापासून त्यास पुरे दहा दिवस.

वार्तेची कसोटी लावावयाची, तर एके काळीं नागपुराएवढें भाग्यवान गांव दुसरें नव्हतें. १९४९ सालच्या जानेवारींत, रफी अहमद किडवाई हे दळणवळणमंत्री असतांना, रात्रीच्या विमानी टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्रीं विमानें टपालाच्या थैल्या घेऊन निघत व मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवास एकत्र येत. तेथें थैल्यांची अदलाबदल होई, आणि जें विमान जेथून आलें तें तेथें सकाळच्या आंत परत जाई. सरळ रेषेनें नागपुरापासून मुंबई ६८३, दिल्ली सुमारें ८५३, मद्रास ९०९ व कलकत्ता ९८५ किलोमीटर आहे. अगदीं सारखीं नव्हेत, तरी एका रात्रींत जाऊन येण्याजोगीं हीं चारी अंतरें आहेत. डाकोटा जातीच्या विमानास मुंबईची खेप करावयास अडीच तासांच्या आसपास लागत. आतांच्या मानानें तें विमान गोगलगाय. पण चार महानगरांचा पत्रव्यवहार निम्म्या रात्रीं आमच्या गांवच्या माळावर बसून आपसांत वांटला जाई, हें दृश्य त्या गोगलगाईनेंच शक्य केलें. पुढें विमानांचा वेग वाढला, त्यांना मध्यें कोठें भेटण्याची गरज उरली नाहीं, आणि ती सेवा बंद झाली. हल्लीं दिल्लीहून बंगळूरास व मुंबईहून कोलकात्यास जाणारीं विमानें आमच्या गच्चीवरून आकाशांत पांढरी रेघ ओढतांना दिसतात. प्रवाशांपैकीं कोणी अत्यवस्थ झाला, तरच त्यांतलें एखादें येथें उतरल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते.

(जातां जातां एक गोष्ट. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान स्वतः चालवीत आणलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याच घराण्यांतील जमशेटजींनीं १ जानेवारी १८७७ रोजीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली होती. तिच्या भोंग्यावर आमच्या घरचा कुकर नव्हे, तर पितळी पातेल्यांतला भात ठरे. २००२ सालीं ती बंद पडली.)

आमचे वडील दर गुरुवारीं काकांस पत्र लिहीत. निळें अंतर्देशीय पत्र, चारी कडांपर्यंत भरलेलें, डिंक लावण्याच्या घडीवरहि दोन ओळी. संध्याकाळीं पेटींत टाकलेलें तें पत्र दुसऱ्या नाहींतर तिसऱ्या दिवशीं डोंबिवलीस पोंचे. झोप न आलेल्या रात्रीं विमानांचा आवाज आला, कीं वडील अंथरुणावरूनच ‘आपलं पत्र निघालं’ असें म्हणत. वार्ता अशी उडत जाई. मनुष्य मात्र आगगाडीनें जाई; कारण कारकुनाच्या पगारांत विमानाचें तिकीट बसत नसे.

१९७३ सालच्या वैशाखांत आजी गेली. पहांटे गेली. तारघर उघडतांच वडिलांनीं काकांस तार केली. (ती तार ज्या खात्यानें नेली, त्याची तारसेवाहि २०१३ सालच्या जुलैंत संपली.) तार काकांच्या हातीं दुपारीं कचेरींत पडली. रात्रीची मेल त्यांनीं गांठली, ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं नागपुरास आली. नागपूरचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना सांगावयास नको कीं तेवढा वेळ थांबणें शक्य नव्हतें. वडिलांनीं गंगाबाई घाटावर अग्नि दिला होता. काका आले ते घरांत शिरले नाहींत. ओसरीवर पिशवी ठेवून तसेच बसून राहिले. शेवटीं काय म्हणाली, एवढेंच त्यांनीं विचारलें. वडील म्हणाले, ‘धाकट्याचं पत्र आलं का, म्हणाली.’ गुरुवार होता. काकांचें पत्र त्याच दिवशीं दुपारच्या टपालानें येऊन पडलें होतें, व तें कोणी फोडलें नव्हतें.

तेरावा झाल्यावर काका आणखी पंधरा दिवस राहिले. त्यांनीं माळवदाची डागडुजी करविली, आजीच्या हातची देण्याघेण्याची वही मिटविली, आणि संध्याकाळीं ओसरीवर बसवून आमच्याकडून अमरकोशाचें दुसरें कांड म्हणवून घेतलें. आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे होतों. पुढें आम्हीं संस्कृताची वाट धरली, तिचा आरंभ त्या पंधरा दिवसांत झाला, असें आम्ही समजतों.

याच्या शेजारीं दुसरी गोष्ट ठेवतों. २०२३ सालच्या डिसेंबरांत आमचे थोरले बंधु वारले. त्यांचा एकुलता मुलगा काकांच्याच ओळखीनें पुढें डोंबिवलीस स्थायिक झालेला. पहांटे सवापांचास आम्हीं त्यास फोन केला. साडेआठाचें विमान त्यास मिळालें, आणि अकराच्या सुमारास तो गांधीबागेंतल्या आमच्या दारांत उभा होता. त्यानें बापाचें मुख पाहिलें, स्वतःच्या हातानें अग्नि दिला. काकांस जें लाभलें नाहीं, तें त्यास लाभलें. आणि तें विमानामुळें लाभलें. विमानाच्या भाड्याची, गर्दीची, प्रदूषणाची निंदा करणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाहीं. त्या दिवशीं वहिनींनीं मुलाच्या खांद्यावर डोकें ठेविलें, तें आम्हीं पाहिलें आहे.

चौथ्या दिवशीं तो परत गेला. नवव्या दिवशीं रात्रीं पुनः आला आणि चौदाव्या दिवशीं सकाळच्या विमानानें गेला. मधल्या दिवसांतलें गरुडपुराण त्यानें फोनवरून ऐकलें. शास्त्रानें पुत्रास दहा दिवस सांगितले. कचेरीनें त्यास एका वेळीं चारच दिले. यांत त्याच्या भक्तीस उणें असें आम्हीं मानलें नाहीं, व कोणी मानूं नये. पण काकांची गोष्ट मनांत असल्यामुळें आम्ही नकळत दिवस मोजूं लागलों होतों.

पुढें २०२५ सालच्या फेब्रुवारींत त्याच्या मुलाची मुंज डोंबिवलीस झाली. पुतण्यानें आमचें तिकीट विमानाचें काढलें. मास्तरांची खोड जात नाहीं. घड्याळ हातावर होतें, व वही खिशांत. घरून रिक्षानें निघालों सात वाजून दहा मिनिटांनीं. (अग्रसेन चौकांत मेट्रो धरून सीताबर्डीस बदलली, तर विमानतळाच्या स्थानकापर्यंत तीहि नेते, पण हातीं रुखवताचें सामान होतें.) विमानाचा दरवाजा लागून तें हललें नऊ अठ्ठेचाळीसास. चाकांनीं जमीन सोडली दहा वाजून दोन मिनिटांनीं. मुंबईस जमिनीस लागलीं अकरा वाजून आठ मिनिटांनीं. विमान जागीं येऊन थांबलें अकरा वीसास. पेटी मिळून, टॅक्सी मिळून, मुंबईचे रस्ते पार करून डोंबिवलीच्या दारीं पाय धुतले, तेव्हां दीड वाजला होता. घर ते घर सहा तास वीस मिनिटें. त्यांतलीं सहासष्ट मिनिटें आकाशांत. म्हणजे सहाव्या हिश्श्याहून थोडीं अधिक.

वेळापत्रकांतला दीड तास हा उड्डाणाचा वेळ नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. येथें विमान जागचें हलतें तेव्हांपासून तेथें जागीं थांबतें तोंपर्यंतचा तो वेळ आहे. ताशीं आठशें किलोमीटरांच्या वेगानें ६८३ किलोमीटर तोडावयास पाऊण तास आणि वर सहा मिनिटें पुरतात. पण विमानास चढावयास व उतरावयास वेग कमी करावा लागतो. धांवपट्टीपर्यंत रांगेनें जावें लागतें. शिवाय मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळें एका वेळीं एकच वापरतां येते, आणि आलेल्या विमानांस पुष्कळदां आकाशांतच घिरट्या घालीत ठेवतात. हा सारा उशीर कंपन्या आधींच वेळापत्रकांत मिळवून ठेवतात. परतीची खेप हिवाळ्यांत बहुधा थोडी लवकर होते. उंचावर त्या दिवसांत पश्चिमेचा वारा जोराचा असतो, व तो पूर्वेकडे येणाऱ्या विमानास ढकलतो.

आम्हांस जागा खिडकीशीं मिळाली होती. विमानाची रेषा वर्धा जिल्ह्यावरून नैर्ऋत्येकडे कलते, छत्रपति संभाजीनगराच्या आसपास येते, गोदावरी ओलांडते, आणि मग सह्याद्रीच्या कडा दिसूं लागतात. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पकांत बसलेला राम सीतेला खालचीं स्थळें दाखवीत जातो: हा समुद्र, ही पंपा, ही गोदावरी, येथें तुझें नूपुर मला सांपडलें. वर्षानुवर्षें तो सर्ग शिकविलेल्या मनुष्यास गोदावरी वरून प्रथम पाहतांना शेजाऱ्याचा हात धरून दाखवावीशी वाटली, तर नवल नाहीं. शेजारचा तरुण झोंपलेला होता. त्याच्या पलीकडील बाईंनीं उन्हासाठीं पडदा ओढून घ्यावयास सांगितलें, तो आम्हीं ओढला.

आकाशमार्गाचें आमच्या बाजूचें पहिलें वर्णन कालिदासाचेंच आहे. मेघदूतांतील रामगिरि म्हणजे आमचें रामटेक, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें आहे. तेथून निघालेल्या मेघास यक्ष अलकेची वाट सांगतो; पण ती सरळ सांगत नाहीं. वाट वांकडी झाली तरी चालेल, उज्जयिनी पाहिल्यावांचून जाऊं नकोस, असें तो बजावतो. निरोप पोंचविण्याची घाई त्यास काय कमी होती? आमचे काका मुंबईहून येतांना पुष्कळदां शेगांवास उतरत, महाराजांचें दर्शन घेऊन मिळेल त्या गाडीनें पुढें येत, आणि प्रसादाची पुडी घरांतल्या प्रत्येकाच्या हातावर मोडून ठेवीत. विमानास शेगांव नाहीं.

आतां तें दिवसांचें गणित. काका वर्षांतून दोनदां येत, एकदां उन्हाळ्यांत व एकदां दिवाळीस. एका बाजूचा प्रवास घरापासून घरापर्यंत साडेपंधरा तासांचा. दोन खेपांच्या चार बाजू, म्हणजे वर्षाचे बासष्ट तास. प्रत्येक खेपेस ते वीस दिवस राहत. म्हणजे वर्षाचे चाळीस दिवस. पुतण्या वर्षांतून पांचदां येतो. त्यांतल्या चार खेपा शनिवार-रविवारच्या, पांचवी दिवाळीची. एका बाजूस सहा तास वीस मिनिटें धरलीं, तर दहा बाजूंचे त्रेसष्ट तास वीस मिनिटें होतात. आणि त्याचा मुक्काम, गेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेवरून आम्हीं मोजला, तो अकरा दिवस. प्रवासांत घातलेले तास दोघांचे जवळजवळ सारखेच. विमानानें वांचविलेला वेळ कोठें गेला, हें आम्ही त्याला विचारलें नाहीं. त्यालाहि तें सांगतां आलें नसतें. वहिनी मात्र शनिवार-रविवारच्या चार खेपा हिशेबांतच घेत नाहींत. त्यांची मोजणी दिवाळी ते दिवाळी.

हें गणित आम्हीं पुतण्यास दाखविलें नाहीं. पण गेल्या श्रावणांत तो आला असतां जेवतांना विषय निघालाच. वहिनींचें वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, रात्रीं-अपरात्रीं कांहीं झालें तर काय, ही काळजी त्याला आहे, व ती खरी आहे.

तो म्हणाला, ‘आई, दीड तासाचं तर अंतर आहे. तू नुसती हांक मार, मी केव्हांही येईन.’

वहिनी पानांत आमटी वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, ‘तुझे धाकटे आजोबा पंधरा तासांवरून यायचे. यायची तारीख आधी पत्रानं कळवायचे. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली की आमचा महिनाभर जायचा.’ आणि थोडें थांबून, ‘तू केव्हांही येशील. भिंतीवर काय लिहूं?’

तो कांहीं बोलला नाहीं. खालीं मान घालून जेवला. हात धुतांना मात्र आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, ‘काका, तिलाच तिकडे न्यायचं म्हणतो. कायमची. तुमचं काय मत आहे?’

मत देणें सोपें नव्हतें. या घरांत वहिनी सून म्हणून आल्या, त्यास पन्नास वर्षें होत आलीं. सकाळीं पारिजातकाचीं फुलें वेचणें, इतवारींतल्या ओळखीच्या दुकानांतून स्वतः डाळ पारखून आणणें, चार बिऱ्हाडांच्या बायकांचें सुखदुःख ऐकणें, हें सारें डोंबिवलीच्या पांचव्या मजल्यावर कसें न्यावयाचें? उलट पक्षीं, एकुलता मुलगा आहे, सून भली आहे, नातू आजीच्या हातच्या सांज्याच्या पोळीवर जीव टाकतो. शास्त्राची पोथी उघडून याचा निर्णय होण्याजोगा नाहीं. आम्ही त्यास म्हटलें, ‘न्यावयाचें हा शब्द सोड. ये म्हण. आणि विमानानें नको.’

विमानानें नको, याचें कारण भीति नव्हे. विमानानें नेलेलें माणूस मुंबईच्या दुसऱ्या टोकास उतरतें, आणि गुडघेदुखीच्या बाईस तेथून डोंबिवलीपर्यंत दोन तास टॅक्सींत दुमडून बसावें लागतें. आगगाडी कल्याणास थांबते. तेथून डोंबिवली दुसरें स्थानक. विमानांत सामानाचें वजन मोजतात. आणि वहिनींचें सामान म्हणजे मेतकुटाचा डबा, सांडगे, कुरडया, पाट्याचा वरवंटा (तेथें मिळत नाहीं, असें त्यांचें ठाम मत आहे), व आमच्या बंधूंची जुनी संध्येची पळी-पंचपात्री, नातवासाठीं.

विदर्भ एक्स्प्रेसचें तिकीट काढलें आहे. खालची बर्थ मिळाली आहे, आणि पोंचवावयास आम्ही जाणार आहोंत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनें जाण्याची तारीख वहिनींनीं स्वतःच लिहिली. परतीची अद्याप लिहिलेली नाहीं. त्या तारखेखालीं त्यांनीं एका ओळीची जागा मोकळी ठेविली आहे, व सडासारवण करणारीस तेवढी भिंत पुसूं नको म्हणून सांगितलें आहे.